हिरोची पाठ

पहिली बुक्की आली तेव्हा माझ्या तोंडात शेंगदाणे होते.

गुऱ्हाळाच्या मागं चिपाडाच्या ढिगाला टेकून मी बसलो होतो. अंगात हिरोचा लाल शर्ट, डोक्यावर हिरोच्या केसांचा टोप, ओठावर हिरोची मिशी. शेंगदाणे तेवढे माझे. समोरून तीन पैलवान आले. असे आडवेतिडवे, की त्यांच्या सावलीत बैलगाडी सोडता आली असती. त्यातला थोराड होता तो पुढं झाला, त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं,

"तूच का रं त्यो हिरो?"

"सध्या मीच," मी म्हणालो. "किती उशीर, मर्दा? मास्तर सकाळपास्नं तुमची वाट बघालेत."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं.

"आमची वाट बघालेत?"

"मग? जेवणाच्या सुट्टीत उरकून टाकू म्हणालेत. चला, पहिला कोण मारणार?"

इथं जरा सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही मला वेड्यात काढाल.

शिरोळकडच्या एका गुऱ्हाळावर मराठी पिक्चरचं शूटिंग चाललं होतं. मारामारी आणि कॉमेडी, दोन्ही एकाच ताटात. गोष्ट अशी, की बँकेतला एक भित्रा कारकून आणि एक नामचीन गुंड दिसायला सारखे. गुंडाचा मार कारकून खातो आणि कारकुनाचा डबा गुंड खातो. शेवटपर्यंत कारकून ओरडत राहतो, "अहो, तुमचा माणूस चुकला," आणि कुणी ऐकत नाही. दोन्ही कामं हिरो देवराज इनामदार करत होता. दोघं एका चौकटीत आले, की एकाचं तोंड दिसायचं, दुसऱ्याची पाठ. तोंड देवराजचं. पाठ माझी. अर्धा पिक्चर माझ्या पाठीनं केलाय. पिक्चरचं नाव सांगत नाही; निर्माता अजून हयात आहे आणि हल्ली वकील बाळगून आहे.

असल्या पिक्चरात मारामारी हसतखेळत असते. माणूस माडीवरून पडतो, डोकं घमेल्यात अडकतं, उठून तो "आई गं" म्हणतो आणि थेटरात बायका पोट धरून हसतात. त्या हसण्याला खाली कुणाचं तरी हाड लावलेलं असतं. तिकिटावर तसं छापत नाहीत.

त्या दिवशी सकाळी आमचे फाईट मास्तर, मिरजेचे अय्यूबभाई, मला म्हणाले होते, "हिंद्या, दोपारला तालमीतले तीन नवे पोरं यायलेत. कच्चा माल हाय. तेवढं टायमिंग शिकवून ठेव." म्हणून तीन पैलवान दिसल्यावर मला तेच वाटलं. दुसरं काय वाटणार?

आणि मी घाईत होतो. जेवणानंतर माझा शॉट होता. माझा म्हणजे माझ्या तोंडाचा. अय्यूबभाईंनी दिग्दर्शकाशी भांडून मिळवलेला. काहिलीतल्या, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतल्या, काकवीत एक माणूस पडतो, काकवीनं माखलेलं तोंड वर काढतो, डोळे पुसतो आणि सरळ कॅमेऱ्याकडं बघून म्हणतो, "मला कशाला मारताय? मी गूळ न्यायला आलोय!" बस्स. पण तोंड पडदाभर.

तुम्हाला हे किरकोळ वाटेल. मला वाटत नव्हतं. नांदणीच्या अक्काताईशी माझी सोयरीक जुळत आली होती. पोरगा पिक्चरमध्ये असतो म्हटल्यावर तिचा मामा माझा आधीचा पिक्चर बघून आला. दिसलो नाही. पुन्हा तिकीट काढून गेला. पुन्हा नाही. मी म्हटलं, "मामा, दिसलो की. त्या पुलावरच्या मारामारीत, पाठमोरा." मामा म्हणाला, "मग पाठीला पोरगी देऊ व्हय?" तोंड दाखव, मग पुढचं बोलू, असं ठरलं होतं. अक्काताईनं निरोप पाठवला होता, की आपण थांबतो, पण मामा थांबणार नाही.

तर मी शेंगदाणे एका गालात सारले, उभा राहिलो आणि थोराड पैलवानाला म्हणालो, "हे बघ. तोंडाला हात लावायचा नाही. दुपारी तोंडाचं काम आहे. कानशिलाच्या बाजूनं बुक्की आण."

"कुठल्या बाजूनं?"

"डाव्या. आणि मारताना जरा ओरड. मुक्यानं मारलं की मजा येत नाही."

तो थोराड पैलवान म्हणजे इरगोंडा. नाव मागाहून कळलं. त्यानं आपल्या जोडीदारांकडं बघितलं. जोडीदार म्हणाला, "दारू प्यालाय वाटतं." इरगोंडानं हात मागं नेला.

आमच्या धंद्यात बुक्की तोंडाच्या चार बोटं पुढून जाते. लागल्याचं सोंग मार खाणाऱ्यानं करायचं. त्याला रिअ‍ॅक्शन म्हणतात, आणि रिअ‍ॅक्शनमध्ये माझा हात कुणी धरत नव्हता. इरगोंडाचा खांदा हलला मात्र, मी हवेत. एक गिरकी घेतली, चिपाडाच्या ढिगावर पाठीवर पडलो, तिथून घरंगळत खाली आलो आणि पाय झाडले. एकदम फस्क्लास.

इरगोंडा आपल्या मुठीकडं बघत उभा. "अरं, मी तर आजून लावलीच न्हाई."

"लावायची नसतेच!" मी उठून म्हणालो. "झकास जमलं. आता लाथ."

"लाथ?"

"पोटात. पाय वर घे, थांब, मी तिकडं त्या पत्र्याच्या डब्यांवर जाऊन पडतो."

त्यानं भीतभीत पाय उचलला. मी डब्यांवर गेलो. आवाज असा झाला, की दोन कुत्री पळाली. आता रंगीत तालीम म्हटल्यावर कसूर कशाला, म्हणून खिशातली खोट्या रक्ताची गोळी मी तोंडात टाकली आणि फोडली. लाल ओघळ हनुवटीवरून खाली आला.

दुसऱ्या पैलवानानं मटकन खाली बसून डोकं धरलं. "मारलास की रं त्याला! अण्णा म्हणालं हुतं नुसतं चार ठोसं द्या!"

"मी हात बी लावला न्हाई! आईशप्पत, हात बी लावला न्हाई!"

"मग रगात कसलं ते?"

"मला काय इचारतोस? त्याला इचार!"

तिसरा पैलवान गप्प राहणारातला होता. असली माणसं धोक्याची. ही चर्चा चालू असताना तो आला आणि त्यानं माझ्या बरगडीत खरी घातली. काट्कन आवाज आला. तो आवाज मी काढला नव्हता.

मी कळवळून बसलो आणि शिव्यांची लाखोली सुरू केली. "टायमिंग कळतं का रं, रेड्या? अंतर किती ठेवलंस? मास्तर! अय्यूबमास्तर! कुठला माल धाडलाय हा?"

"माफी मागायची सोडून वर शिकवालाय," तिसरा म्हणाला आणि दुसरी उगारली.

"कसली माफी?"

"पैलवानाचा मेंदू गुडघ्यात असतोय म्हणालास न्हवं पेपरात? अण्णांनी वाचून दाखवलंय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. देवराजला कोल्हापुरात कुणीतरी विचारलं होतं, की या पिक्चरसाठी तालमीत गेलात का. साहेब म्हणाले होते, "तालमीत काय शिकणार? पैलवानाचा मेंदू गुडघ्यात असतो." ते छापून आलं होतं. आमचं शूटिंग होतं त्या गावच्या तालमीचे वस्ताद दौलतअण्णा खोत. सगळा परिसर त्यांना वचकून. गुऱ्हाळही त्यांच्याच मेहुण्याचं.

"अरं बाबांनो," मी म्हणालो, "तुमचा माणूस चुकला."

आणि बोलता बोलता लक्षात आलं, की हे पिक्चरमधलं वाक्य आहे. पिक्चरमध्ये जे होतं तेच झालं. तिसरा म्हणाला, "सगळी असंच म्हणत्यात."

मी टोप ओढून काढला. मिशी उपटली, ती बरगडीपेक्षा जास्त दुखली. इरगोंडा वाकून बघायला लागला. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, कानांकडं बघितलं. माझे दोन्ही कान मातीत रगडून मोडलेले, फुलकोबीसारखे. त्याचेही तसेच.

"पैलवान हायस व्हय रं?"

"होतो. कुरुंदवाडला. गुडघा गेला म्हणून इकडं आलो. हिंदुराव लोहार."

"आयला," इरगोंडा म्हणाला. "आपल्यातलाच निघाला की."

पुढचा अर्धा तास त्या तीन रेड्यांनी माझी जी सेवा केली ती आईनं केली नसती. इरगोंडानं स्वतःचा पटका सोडून बरगडी आवळून बांधली. दुसऱ्यानं पाणी आणलं. तिसरा, बरगडी मोडणारा, माझे सांडलेले शेंगदाणे मातीतून वेचून, फुंकून माझ्या हातात देत होता.

"आता अण्णांस्नी काय सांगू?" इरगोंडा म्हणाला. घाम फुटला होता त्याला. "हिरोला हाणून आल्याबिगर तोंड दावू नगा म्हणालंत."

"सांग, हाणला म्हणून."

"अण्णांम्होरं खोटं?"

"मग सांग, चुकीच्याला हाणला."

इरगोंडानं बराच वेळ विचार केला. "हिरोलाच हाणला म्हणतो," तो म्हणाला.

आता खोटं एकदा सुटलं की ते कुठं जाऊन बसेल सांगता येत नाही. तासाभरात दौलतअण्णा स्वतः जीप घेऊन गुऱ्हाळावर हजर. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, हातात काठी. प्रॉडक्शन मॅनेजर पाटणकर हात जोडून पुढं धावला.

"मार झाला, ते मिटलं," अण्णा म्हणाले. "ती अंगाची भरपाई. मातीची राहिलीय. चार वाजता तुमच्या हिरोनं तालमीत यायचं आणि कुस्तीच्या हौद्यातल्या मातीला कपाळ लावायचं. न आला तर पोती बांधा आणि गुऱ्हाळ खाली करा."

जीप गेली. पाटणकर देवराजच्या व्हॅनकडं पळाला. मी आणि अय्यूबभाई व्हॅनच्या सावलीत बसलो होतो, त्यामुळं खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"सर, तुम्हाला तालमीत माफी मागावी लागेल. मारामुळं ते थोडे नरमलेत, पण..."

"कसला मार?"

"तुम्हाला मारलं ना त्यांनी."

"मला कुणी मारलं? मी सकाळपासून आत आहे. सूप पितोय."

"हो सर, पण गावात असं ठरलंय की तुम्हाला मारलं."

सुपाचा चमचा बशीत आपटला. मग देवराजचा आवाज आला, "हे बघ पाटणकर, मी त्या चिखलात डोकं घासणार नाही. तो आपला डुप्लिकेट आहे ना, तो कोण, लोहार की सुतार? त्याला पाठव. आणि हो, काहिलीचा तो शॉट काढून टाक. माझ्या फाईटमध्ये शेवटचा हशा दुसऱ्याला कशाला?"

पाटणकर बाहेर आला तेव्हा मी उभाच होतो. त्याला शरम नव्हती, ही त्याची एक चांगली बाजू. बोलायला वेळ लागला नाही.

"ऐकलंच असशील. हे बघ, तिथली पद्धत मी विचारून घेतलीय. माफी मागणारा हौद्यात मारुतीकडं तोंड करून पालथा पडतो. लोक मागं बसतात. म्हणजे दिसणार काय? पाठ. तुझं नेहमीचंच काम. तू एवढं करून ये, तुझा शॉट मी सरांकडून सोडवतो. वर एक वाक्य वाढवून देतो."

"त्या तिघांनी मला बिनटोपाचा बघितलाय."

"ते बोलतील? बोलले तर चुकीच्या माणसाला मारलं हे कबूल करावं लागेल."

खरंच होतं. डोकं होतं पाटणकरला, फक्त ते चांगल्या कामाला लागायचं नाही.

मी अय्यूबभाईंकडं बघितलं. ते चुना चोळत होते. "देख हिंद्या," ते म्हणाले, "मार खायला मी माणूस देतो. कपाळ टेकायला न्हाई देत. त्याचा रेट मला ठावं न्हाई. तेरी मर्जी."

मी मिशी परत चिकटवली. मला अक्काताई दिसत होती, तिचा मामा दिसत होता आणि पडदाभर माझं तोंड दिसत होतं, काकवी ठिबकणारं. बाकी काही दिसत नव्हतं. मूर्खपणा म्हणा. तुमचं तोंड रोज चार लोकांना दिसत असेल, तर तुम्हाला ते कळणार नाही.

चारला तालीम भरून वाहत होती. पाटणकरनं मला टोप, मिशी, वर काळा चष्मा आणि खांद्यावर शाल अशा थाटात आणलं. "सरांचा घसा बसलाय, सर बोलणार नाहीत," तो वाटेत प्रत्येकाला सांगत होता. बायका दारात उभ्या होत्या. एक म्हणाली, "पिक्चरात उंच दिसतोय की गं." दुसरी म्हणाली, "मार खाल्लाय न्हवं, दबला असंल."

हौद्याच्या कडेला अण्णा खुर्चीवर. त्यांच्या मागं इरगोंडा आणि ते दोघं, जमिनीकडं बघत. भिंतीत शेंदराचा मारुती. लाल माती नुकती खणून भुसभुशीत केलेली. तेल, ताक आणि हळदीचा तो वास आला. कितीतरी वर्षांनी आला होता तो वास.

"चपला काढ," अण्णा म्हणाले. मी हिरोचे बूट काढले.

"पैलवानाचा मेंदू गुडघ्यात असतोय म्हणालास. असंल बाबा. पर ह्या मातीला मेंदू लागत न्हाई, मान लागतोय. टेक कपाळ."

मी उतरलो. मारुतीकडं तोंड करून पालथा पडलो. बरगडी बोंबलली. कपाळ मातीला लागलं. कुरुंदवाडच्या तालमीत याच मातीत माझे कान मोडले होते, याच मातीत गुडघा गेला होता, आणि रोज पहाटे मी तिला असंच कपाळ लावत होतो. कुणी सांगितलं नव्हतं तेव्हा.

मागं पाटणकर दबक्या आवाजात कुणाला तरी म्हणत होता, "फोटो पाठीमागूनच घे. पुढं जाऊ नकोस. उद्या पानभर आला पाहिजे."

"ऊठ," अण्णा म्हणाले. "मातीनं माफ केलं."

आणि टाळ्या पडल्या. नुसत्या टाळ्या नाहीत, शिट्ट्या. मघाशी ज्यांना त्याचे हात मोडायचे होते तेच ओरडायला लागले. "देवराज इनामदार की जय!" "एवढा मोठा हिरो, पर किती साधा बघ!" दारातली बाई म्हणाली, "दिलदार माणूस गं बाई." पाटणकरचा चेहरा बघायला हवा होता, त्याला फुकटात जाहिरात मिळाली होती.

मी पाठमोराच उभा होतो. मला एवढंच वाटलं, की बरगडी माझी मोडली, कपाळ माझं टेकलं, आणि दिलदार तो. व्हॅनमध्ये बसून सूप पिणारा.

मी वळलो.

चष्मा काढला, टोप काढला, मिशी काढून मातीत टाकली. "मी देवराज नव्हे," मी म्हणालो. "मी हिंदुराव लोहार. त्याचा डुप्लिकेट. तो गुऱ्हाळावर आहे, आणि त्याला कुणी बोटही लावलेलं नाही."

पुढच्या रांगेतल्यांनी माना लांब करून मला न्याहाळलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मेकप काढल्यावर असाच दिसत असंल."

आणि तालीम खदखदून हसली. मी शपथेवर सांगतो, लोक हसले. "ॲक्टिंग करालाय!" एकजण ओरडला. "एक डायलॉग होऊ द्या, साहेब!" माझं तोंड, माझं खरं तोंड, आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लोकांनी बघितलं आणि ते दुसऱ्याचं समजून घेतलं. पाटणकर संधी साधून पुढं घुसला, "सरांना विनोदाची फार आवड आहे! चला सर, चला—"

"थांब रं," अण्णा म्हणाले. ते हसत नव्हते. "इरगोंडा, हिकडं ये. तू हाणलास न्हवं ह्याला? ह्यो हिरो हाय का न्हाई?"

इरगोंडाचं तोंड बघून मला दया आली. "अण्णा," तो म्हणाला, "हाणताना टोप हुता."

"टोपाला इचारलं न्हाई मी. माणसाचं इचारलं."

इरगोंडाचे कान लालभडक झाले. मग एवढा मोठा गडी खाली बघत, शाळेतल्या पोरागत म्हणाला, "खरं बोलतोय त्यो. आमी चुकीच्याला हाणला. आणि तुमास्नी खोटं सांगितलं."

हसू थांबलं. अण्णा खुर्चीतून उठले. माझ्याजवळ आले, एकदा कानांकडं बघितलं, पण कान मोडलेली माणसं पुष्कळ असतात.

"शड्डू ठोक," ते म्हणाले.

शड्डू कुणालाही ठोकता येतो. हिरो लोक पिक्चरमध्ये ठोकतात, आवाज मागाहून दुसरा कुणीतरी घालतो. खरा शड्डू अंगात मुरावा लागतो, लोणच्यासारखा. मी शर्ट काढला. खाली इरगोंडाचा पटका बरगडीला आवळलेला. हात वर नेताना डोळ्यांपुढं काजवे चमकले. दंडावर तळवा पडला.

तो आवाज भिंतीवर जाऊन परत आला. कोपऱ्यातले म्हातारे पैलवान, जे इतका वेळ विड्या ओढत बसले होते, त्यांनी माना वर केल्या. त्यातला एकजण शांतपणे म्हणाला, "ह्यो मातीतला हाय."

झालं. आता कुणी मेकपचं नाव काढलं नाही.

पाटणकर तोपर्यंत दाराबाहेर पोचला होता. फोटोवाला त्याच्या मागं.

"नाव काय म्हणालास?" अण्णांनी विचारलं.

"हिंदुराव. हिंदुराव बापू लोहार."

"गाव?"

"कुरुंदवाड."

अण्णांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हातानं माझ्या गालावर अशी ठेवून दिली, की कानात सनई वाजायला लागली. सत्तरीच्या म्हाताऱ्याचा हात नव्हता तो.

"ही हिंदुराव बापू लोहारला," ते म्हणाले. सगळ्या तालमीला ऐकू जाईल असं म्हणाले. "मातीतला असून मारुतीम्होरं दुसऱ्याचं कपाळ टेकलंस म्हणून. हिरोचं हिरो बघंल. ही तुझी."

मी गाल धरून उभा राहिलो. आजवर मी किती मार खाल्ला असेल. पुलावर, माडीवरून, जिन्यावरून, पेटत्या गवतात. सगळा कारकुनाचा, गुंडाचा, देवराजचा, आणि त्याच्या आधीच्या हिरोंचा. नाव, गाव, बापाचं नाव विचारून मला कुणी मारलं नव्हतं.

"दुखली?" अण्णांनी विचारलं.

"दुखली की."

"बरं झालं. इरगोंडा, ह्याला घरला घेऊन चल. जेवला न्हाई वाटतं सकाळपास्नं."

गुऱ्हाळावर आम्ही परत गेलो तेव्हा देवराजची व्हॅन निघून गेली होती. दोन दिवसांनी उरलेली फाईट दुसरीकडं कुठंतरी उरकली. पाठ दुसऱ्या कुणाची तरी बसवली. काहिलीचा शॉट निघालाच नाही. अय्यूबभाईंनी माझा पगार आणि माझी चप्पल तेवढी इरगोंडाकडं पाठवली, सोबत निरोप: "बरगडी भरून आली की ये. तोंडाचं बघू." तोंडाचं कधीच बघितलं गेलं नाही. अक्काताईचं लग्न पुढच्या वैशाखात हुपरीच्या चांदीवाल्याशी झालं. तो समोरून दिसतो, पण बघण्यासारखं त्यात काही नाही, असं ऐकलं. मत्सर म्हणा.

पण त्या थपडीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी जयसिंगपूरला एका फोटो स्टुडिओत गेलो. गाल टम्म फुगला होता, त्यावर अण्णांची बोटं निळी उठली होती, डावा डोळा अर्धा मिटलेला. फोटोवाला मला बघून दचकला.

"लग्नासाठी पाहिजे?"

"नाही. असाच."

"मग आठ दिवसांनी या की, पावणं. सूज उतरू दे. नाहीतर डोकं असं वळवा, ही बाजू झाकून घेतो."

"काही झाकायचं नाही," मी म्हणालो आणि स्टुलावर बसलो. "आजच काढ. समोरनं."